कोशर कोणीं ठरवावें?

नवरात्र जवळ आलें कीं आमच्या वऱ्हाडांतील घरोघरीं एक जुना वाद नव्यानें उभा राहतो. भगर उपवासाला चालते. पण महादेवाच्या उपवासाला ती चालत नाहीं, असें कित्येक घरें मानतात. जिरें एका घरीं चालतें, शेजारच्या घरीं चालत नाहीं. उत्तरेकडची सून आली तर ती सैंधवाशिवाय दुसऱ्या मिठाला हात लावीत नाहीं. आणि गंमत अशी कीं, बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हीं सारीं अमेरिका खंडांतून आलेलीं. आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनीं तीं पाहिलींही नव्हतीं. मग तीं फराळाला चालतात हें कोणत्या पीठानें ठरविलें? कोणत्याच नाहीं. घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं ठरविलें.

हाच प्रश्न यहुदी समाजांत फार मोठ्या प्रमाणावर, आणि पुष्कळ पैशाच्या व्यवहारासह, उभा आहे. धर्माला मान्य असलेल्या अन्नास ते ‘कोशर’ म्हणतात. मूळ नियम तोरा ग्रंथांतले, सर्वांना सारखेच. ज्याचे खूर दुभंगलेले आहेत व जो रवंथ करतो तोच पशु खावा, ज्याला पर आणि खवले आहेत तोच मासा खावा, रक्त वर्ज्य, मांस आणि दूध एकत्र येतां कामा नये. एवढ्यावर मतभेद नाहीं. मतभेद आहे तो पुढें.

मांस खाल्ल्यावर दूध घेण्यापूर्वीं किती वेळ थांबावें? हॉलंडमधील यहुद्यांच्या रूढीप्रमाणें एक तास, जर्मनीतल्यांच्या तीन, तर पूर्व युरोपांतल्यांच्या सहा. पासोव्हरच्या सणांत आंबवलेलें धान्य वर्ज्य असतें. युरोपांतील अश्कनाझी यहुदी त्या दिवसांत तांदूळही टाळतात, पण सेफार्डी पद्धत मानणाऱ्या पुष्कळांना भात चालतो. जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनाला एक धर्माधिकारी नको म्हणतो, तर दुसरा त्यावर इतकी प्रक्रिया झालेली असते कीं तें आतां मांस राहिलेंच नाहीं, असें म्हणतो.

पूर्वीं हें सारें गांवच्या गांवांत मिटत असे. कारखाने आले आणि शिक्क्याची गरज पडली. अमेरिकेंत ‘ऑर्थोडॉक्स युनियन’ या संस्थेनें १९२३ पासून डब्याबाटल्यांना प्रमाणपत्र देण्याचें काम चालविलें असून, वर्तुळांतील ‘यू’ हें तिचें अक्षर आज जगभर दिसतें. न्यूयॉर्क संस्थानानें तर १९१५ सालींच खोटें ‘कोशर’ विकणें हा गुन्हा ठरविला. परंतु सरकारनें एका पंथाची व्याख्या सर्वांवर लादूं नये, असें म्हणून न्यायालयांनीं पुढें तो कायदा मोडीत काढला, आणि २००२ सालीं अपिलांतही तोच निकाल कायम झाला. इस्रायलनें याच्या नेमकें उलट केलें. तेथें १९८३ च्या कायद्यानें हा अधिकार सरकारमान्य रब्बींच्या हातीं दिला. परदेशांतून येणाऱ्या मांसासाठीं तेथून कापणाऱ्यांचीं पथकें दक्षिण अमेरिकेपर्यंत जातात. स्वित्झर्लंडांत १८९३ पासून पशूला बेशुद्ध केल्याशिवाय कापण्यास बंदी आहे. म्हणून तेथील यहुद्यांना मांस बाहेरून आणावें लागतें.

हें सर्व आपल्याला दूरचें वाटेल. पण यांतलें एक प्रकरण मराठींतच घडलें आहे. कोंकणांत शतकानुशतकें राहिलेले बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं बैल सोडीत; म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यांत अशी कथा सांगतात कीं, डेव्हिड रहाबी नांवाचा एक यहुदी तेथें आला. हे खरोखर आपल्यापैकींच का, हें पाहण्यासाठीं त्यानें बायकांजवळ निरनिराळे मासे रांधावयास दिले. त्यांनीं खवल्यांचे आणि पराचे तेवढे निवडून बाकीचे बाजूला सारले. त्याची खात्री पटली. त्यानें तिघांना धर्मशिक्षण दिलें. तेच पुढें काजी झाले. कथेंतील काळाविषयीं विद्वानांत वाद आहे, पण मला तींत मोलाची वाटते ती परीक्षेची जागा. चूल!

हेच लोक इस्रायलला गेल्यावर १९६२ सालीं तेथील मुख्य रब्बींनीं त्यांच्या विवाहापूर्वीं वंशाची चौकशी करण्याचा निर्देश काढला. ज्यांना माशांवरून ओळखलें, त्यांच्याजवळ आतां आईच्या आईचा पुरावा मागितला जाऊं लागला. पुष्कळ चळवळीनंतर १९६४ च्या ऑगस्टांत तेथील संसदेनें ते सर्वार्थानें यहुदी आहेत असा ठराव केला.

मीं शिक्क्यांची निंदा करीत नाहीं. बंद डब्यांत कोणतें तेल, कोणतें विरजण गेलें हें गृहिणीला डोळ्यांनीं दिसत नाहीं. तेथें शिक्का हवाच. आपल्याकडे हिरवा ठिपका आहे, तोही याचसाठीं. आपला ठिपका अंड्याला बाहेर ठेवतो, विलायतेंतील शाकाहारी मात्र तें खुशाल खातो! माझें म्हणणें एवढेंच कीं, शिक्क्यानें आपण कोणाच्या नियमानें बोलतों तें सांगावें. जिलेटिन चालतें म्हणणाऱ्याचा शिक्का न चालणाऱ्याच्या घरीं गेला, तर दोष अन्नाचा नसतो.

माझ्या लहानपणीं मलकापूरला रेल्वेंतील एक बेने इस्रायल कुटुंब आमच्या शेजारीं राहत असे. त्यांचें नवें वर्ष आणि आमची घटस्थापना त्या वर्षीं एकाच दिवशीं आली. शेजारच्या मावशी चिकाचा हलवा घेऊन आल्या. घरांत मांस रांधलेलें असल्यामुळें त्यांनीं तो गाईच्या दुधांत न करतां नारळाच्या दुधांत केला होता, आणि आम्ही शाकाहारी म्हणून दारांतच त्यांनीं सांगितलें, “वहिनी, भांडें वेगळें आहे हो.” आई म्हणाली, “तें मला माहीत आहे. पण चीक गव्हाचाच ना? आज मला उपवास आहे.” दोघी हंसल्या. आईनें हलव्यावर झांकण ठेवलें, आणि दुसऱ्या दिवशीं उपवास सोडतांना पहिला घास त्याचाच घेतला.