भेट उघडली, पिशवी उरली

मध्यंतरी धुळ्याला नात्यातल्या एका बारशाला गेले होते. पाहुणे पांगले आणि कोपऱ्यात भेटवस्तूंच्या चकचकीत कागदांचा ढीग उरला. दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याने वर्तमानपत्रं उचलली, तो ढीग तसाच ठेवला. “ताई, हे कोणी घेत नाही,” म्हणाला.

त्याचं खरं होतं. यातला बराचसा कागद हा कागद नसतोच. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर धातूचा मुलामा असतो. मुठीत चुरगाळून सोडा. आपोआप उलगडला, तर ते प्लॅस्टिक समजा. ते जाळलं तर विषारी धूर, फेकलं तर नाल्यात.

आपला खानदेश कापसाचा मुलूख. आखाजीला माहेरी आलेली लेक सासरी निघाली की आई खाऊ फडक्यात बांधून देई. पुढच्या खेपेला फडकं परत येई. जपानातही चौकोनी कापडात वस्तू बांधायची जुनी रीत आहे, फुरोशिकी नावाची. कचरा कमी व्हावा म्हणून २००६ साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी तिचा नव्याने पुरस्कार केला.

आपण नाडीची पिशवी शिवू. जुन्या साडीचा १२ इंच रुंद, ३० इंच लांब तुकडा घ्या. सुलट बाजू आत ठेवून लांबीत मधोमध दुमडा. दोन्ही बाजू शिवा, पण वरचे ३ इंच मोकळे सोडा. त्या मोकळ्या कडा मुडपून टिपा. तोंडाशी आधी अर्धा इंच, मग एक इंच दुमडून नेफा शिवा. नाडी ओवा, पिशवी सुलट करा. मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घाला. दोन-तीन पुस्तकं सहज मावतात.

एक पथ्य मात्र पाळा. यासाठी नवं कापड विकत आणू नका. कापूस पिकवायला किती पाणी, किती फवारण्या लागतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. एकदाच वापरून कपाटात पडणारी नवी पिशवी कागदापेक्षा महाग पडते. ओटीतला ब्लाउजपीस घरोघर फिरतो, पण शिवत कोणीच नाही, तसं व्हायला नको.

पिशवी परत येईल का, ही काळजीही सोडा. देतानाच सांगा, “पिशवीसुद्धा तुम्हालाच.” तिच्यात कोणी डाळ भरेल, कोणी पुढची भेट देईल. कोपऱ्यात ढीग तर उरणार नाही!