संकष्टी आणि दुसरी पाळी



या व्याख्यानमालेत कामगार चळवळीच्या माणसाला बोलवायचे आणि त्याला विषय द्यायचा संकष्टी चतुर्थीचा, यात संयोजकांची थोडी थट्टा आहे असे मला प्रथम वाटले. मी ना शास्त्री, ना कीर्तनकार. शाळा सातवीत सुटली, पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून. पण विचार करता करता ध्यानात आले की, संकष्टीशी माझा संबंध या सभेतल्या पुष्कळ भाविकांपेक्षा जुना आहे. मात्र तो देवघरातून आलेला नसून हजेरीपटावरून आलेला आहे.

आपल्या जिल्ह्यात संकष्टी म्हटली की राजूर. भोकरदन तालुक्यातले हे टेकडीवरचे गणपतीचे ठाणे जालन्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटर. गणेशपुराणात गजाननाने वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली अशी कथा आहे, आणि ती राजूरलाच सांगितली अशी आपल्याकडची श्रद्धा आहे. एरवी महिन्याच्या चतुर्थीला गर्दी असतेच; पण चतुर्थी मंगळवारी आली, अंगारकी झाली, म्हणजे आदल्या रात्रीपासून जालना-राजूर रस्ता माणसांनी भरून जातो. एस. टी. जादा गाड्या सोडते, वाटेवर लोक चहा-फराळ घेऊन उभे राहतात. भूमिपुत्र मंगळाने गणपतीची तपश्चर्या केली आणि आपल्या वाराला ही प्रतिष्ठा मिळवून घेतली, असे पुराण सांगते. गणित सांगते की वर्षात संकष्ट्या बारा, अधिकमास असला तर तेरा. त्यांपैकी मंगळवारी येणाऱ्या एक, दोन, फार तर तीन.

गणिताचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे सांगतो, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले म्हणजे एक तिथी होते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताबरोबर उगवतो. पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटे तो उशीर करीत जातो. पण ही सरासरी झाली. भाद्रपद-आश्विनात त्याला उशीर कमी होतो आणि संकष्टीचा चंद्र साडेआठच्या सुमारास वर येतो. फाल्गुन-चैत्रात, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, तोच चंद्र पावणेदहा-दहापर्यंत वाट पाहायला लावतो. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी जी चतुर्थी असेल ती धरायची असते, सूर्योदयाची नव्हे; म्हणून पुष्कळदा भिंतीवरच्या कॅलेंडरात तृतीया आणि संकष्टी एकाच चौकोनात छापलेली दिसतात. आणखी एक. जालन्याचा चंद्र मुंबईच्या आधी सुमारे बारा मिनिटे उगवतो. मुंबईची वेळ पाहून ताटावर बसणारा जालनेकर बारा मिनिटे जास्त उपाशी राहतो!

गंमत अशी की, गणेश चतुर्थीच्या रात्री चंद्र पाहायचा नाही, पाहिला तर आळ येतो. आणि संकष्टीला तो पाहिल्याशिवाय अन्न घ्यायचे नाही. चंद्र गणपतीला हसला, शाप मिळाला, मग उःशाप मिळाला, ही कथा आपण लहानपणी ऐकली आहे. संध्याकाळी स्नान, दूर्वा, तांबडे फूल, अथर्वशीर्षाचे पाठ, मोदकांचा नैवेद्य, चंद्राला अर्घ्य, आणि मग जेवण. दिवसभराच्या फराळाबद्दल मात्र मी न बोलणेच बरे. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. खिचडीत स्वदेशी असे बहुधा जिरे आणि तूप एवढेच उरते, आणि त्यातले जिरेही इकडे बाहेरूनच आले म्हणतात. आपल्या घरातली भगर त्या मानाने अस्सल. पण उन्हाळ्या-पावसाळ्यात तिचे उघडे, जुने पीठ घेऊ नका, त्याने उलट्या होऊन दवाखाने भरल्याच्या बातम्या मराठवाड्यात येत असतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तरुणपणी मी या उपासांच्या विरुद्ध होतो. सभांतून तसे बोलतही असे. त्याला कारण माझी आई. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे, मी तेव्हा तिच्या कडेवर होतो. कामावर मजुरांना सुकडी वाटत. आईची संकष्टी असे. सुकडी धान्याची, उपासाला चालत नाही, म्हणून ती पदरात बांधून घरी आणायची आणि आम्हा भावंडांत वाटायची. पुढे तिनेच हे हसत हसत सांगितले. मी विचारले, ‘‘बाई, तुझी संकष्टी महिन्यातून कितींदा यायची?’’ ती म्हणाली, ‘‘त्या साली लई येळा आली.’’

हे ऐकल्यावर उपासाचे कौतुक करणाऱ्यांचा मला राग येऊ लागला. ज्याच्या घरात डबा भरलेला आहे त्याने एक दिवस झाकण उघडले नाही तर तो उपास. ज्याचा डबा रिकामाच आहे त्याने काय सोडायचे? असे मी विचारीत असे. तरीही आईच्या बाबतीत हा हिशेब पुरा बसत नव्हता. चतुर्थी सोडून इतर दिवशी ती जी उपाशी राहिली, त्याला तिने कधी उपास म्हटले नाही. त्या दिवसांबद्दल ती बोलतच नसे. चतुर्थीबद्दल मात्र बोलायची. एक दिवस तरी न जेवणे हे तिच्या स्वतःच्या मनाने होते, दुष्काळाच्या हुकमाने नव्हते. एवढे समजायला मला तीस वर्षे लागली.

समजण्याचे निमित्त एका रोलिंग मिलमध्ये घडले. नाव सांगत नाही. आपल्याकडे भंगार वितळवून सळया होतात हे इथे सर्वांना ठाऊक आहे. लाल झालेली कांब लांब चिमट्याने धरून पुढे द्यायची असते. तिथे उभ्या माणसाचा घाम अंगावरच वाळतो. चैत्रातली संकष्टी होती. दुसरी पाळी, म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. आमचा एक सभासद सकाळपासून निर्जळी होता. साडेसातला तो चक्कर येऊन पडला. नशीब, कांब त्याच्या हातात नव्हती.

मी गेलो. व्यवस्थापक म्हणाले, ‘‘उपास आम्ही करायला सांगितला होता काय?’’ उत्तर कायदेशीर होते. मी आमच्या माणसाकडे वळलो आणि त्याला भाषण दिले, जसे मी तेव्हा देत असे. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, ‘‘साहेब, आठ तास मालकाचे, ते मी देतो. महिन्याची एक रात्र माझी हाय. तुमी मागच्या साली गेटवर चार दिवस उपाशी बसला, तवा म्या तुम्हांला इचारलं का?’’

मला उत्तर सुचले नाही. आपण ज्याला उपोषण म्हणतो आणि तो ज्याला उपास म्हणतो, ते दोन्ही शब्द ‘उप’ आणि ‘वस्’ यांपासूनच निघालेले, जवळ राहणे या अर्थाचे. 1918 च्या मार्चमध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप ढिला पडू लागला तेव्हा गांधीजी पस्तीस टक्के वाढीसाठी तीन दिवस उपोषणाला बसले, ते आम्ही चळवळीत अभिमानाने सांगतो. आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधून आठवड्याची सुटी मागितली, 1890 च्या जूनमध्ये रविवार मिळाला. रविवार हा खंडोबाचा वार, हे काही ते विसरले नव्हते. कामगाराने स्वतःची म्हणून एक वेळ मागावी, हीच आमची सर्वांत जुनी मागणी आहे. मग ती वेळ घड्याळाने न येता चंद्राने आली तर ती मागणी कशी नव्हे?

तोड मी काढली नाही. ती काढली भट्टीवरच्या एका मुसलमान कामगाराने. तो म्हणाला, चौथीच्या दिवशी मी दुसरी पाळी घेतो, याने माझी पहिली घ्यावी. रमजानमध्ये मला मगरिबला घरी जाऊ द्यावे. मी कागद घेऊन बसलो. वर्षाच्या संकष्ट्या बारा, रोजे तीस, बरोबरी कुठली? पण पाळ्या दर आठवड्याला बदलतात, तेव्हा दुसऱ्या पाळीत सापडणाऱ्या संकष्ट्या साधारण चार आणि रोजे साधारण दहा. तीन संकष्टीवाल्यांनी मिळून एकाचा रमजान उचलला की जमाखर्च मिटला. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, कारण त्यांच्या पंचांगात अधिकमास नाही. त्यामुळे ही मांडणी दरवर्षी नव्याने करावी लागते. व्यवस्थापकांनी लेखी मान्यता दिली नाही. पण मुकादमाने हजेरीपटावर पेन्सिलने खुणा करायला सुरुवात केली, आणि त्या खुणा पुष्कळ वर्षे चालल्या. आम्ही एवढीच अट घातली की, भट्टीवर उभा राहणाऱ्याने पाणी सोडायचे नाही. तीवरून मात्र महिनाभर वाद झाला. अखेर त्या सभासदाच्या घरातल्या म्हाताऱ्या चुलतीने निकाल दिला: उपासाला पाणी वर्ज्य आहे असे तुला सांगितले कुणी? तेव्हा तो ऐकला. माझे भाषण फुकट गेले होते.

मी स्वतः उपास करीत नाही. घरी संकष्टी असते. चंद्र दिसला का, हे पाहायला गच्चीवर मला पाठवतात, आणि आषाढ-श्रावणात ढग असले की कॅलेंडरातली वेळ झाल्याची वर्दीही मीच देतो. मागे एका अंगारकीला तोच सभासद म्हणाला, साहेब, एकदा पायी चला. रात्री दहाला निघालो, उजाडता राजूर आले. टेकडीवर मी चढलो नाही. म्हटले, तुम्ही जाऊन या, मी चपला सांभाळतो. रांग मोठी होती. मला तिथे बसलेला पाहून येणारेजाणारे लोकही माझ्यापुढे चपला ठेवून जाऊ लागले. आमची मंडळी खाली उतरली तेव्हा माझ्याकडे चौदा जोड होते, आणि त्यांतले पाच कुणाचे, ते विचारीत आम्ही नऊ वाजेपर्यंत तिथेच उभे होतो.