आई मधल्या खुर्चीवर

आमची आजी गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकही स्वतंत्र फोटो सापडला नाही. शेवटी काकांच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा वेगळा काढून मोठा करून घेतला. डोळे पुसट, अर्धा पदर कापलेला. आजही हार त्यालाच घालतो.

म्हणून गेल्या पिठोरी अमावास्येला, म्हणजे आपल्या मातृदिनाला, आम्ही भावंडांनी आईला साडीऐवजी स्टुडिओतला सगळ्या कुटुंबाचा फोटो भेट द्यायचं ठरवलं. ‘‘मोबाइलवर रोज काढता की! पैसे कशाला घालवता?’’ आई म्हणाली. पण मोबाइलवरच्या फोटोंत ती नसतेच. एक तर स्वयंपाकघरात असते, नाही तर ‘‘तुम्ही उभे राहा’’ म्हणून बाजूला होते.

फोटोग्राफरनं तिला मधल्या खुर्चीवर बसवलं, दिवे लावले. तेवढ्यात ती वाकून नातवाची कॉलर नीट करू लागली. त्यानं नेमकं तेच टिपलं. आम्हीही तोच फोटो मोठा करून घेतला.

तुम्हीही असा फोटो काढाल तेव्हा तो कागदावर छापून घ्या. थेट उन्हात लावू नका, रंग उडतात. आणि हार घालायची वेळ येण्याआधी काढा.