कथा कोणाची, नाव कोणाचे?

(एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोकसाहित्याचा एखादा संग्रह हाती घ्यावा. मुखपृष्ठावर संग्राहकाचे नाव असते, आत एखाद्या विद्वानाची प्रस्तावना असते, आणि गाणी व कथा मात्र 'लोकां'च्या असतात. ती ज्या मुखातून प्रथम बाहेर पडली त्या मुखाला नाव नसते. शेठजीच्या वाड्यावर शेठजीचे नाव कोरलेले असावे आणि गवंड्याचे कोठेच नसावे, तसाच हा प्रकार आहे. श्रमाच्या क्षेत्रातील ही रीत अन्यायाची आहे हे समाजवादी चळवळीने फार पूर्वी ओळखले. वाङ्मयाच्या क्षेत्रात तोच अन्याय 'लोकसाहित्य' या आदरार्थी शब्दाखाली सुखाने नांदतो, याकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही.

कॅनडातील रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट या कवीच्या कार्याचा विचार या दृष्टीने करण्यासारखा आहे. 1946 साली अमेरिकेत जन्मलेला आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेला हा माणूस जगभरच्या मुद्रकांना परिचित आहे तो वेगळ्याच कारणाने. मुद्राक्षरांच्या मांडणीवरील त्याचा इंग्रजी ग्रंथ 1992 साली प्रसिद्ध झाला आणि अक्षरजुळणीच्या व्यवसायात तो प्रमाणग्रंथ ठरला. ओळ किती लांब असावी, समास किती सोडावा, शब्दाशब्दांत किती मोकळी जागा असावी, याचे विवेचन त्यात आहे. पण त्यामागील भूमिका अशी की, अक्षररचनाकार हा संहितेचा सेवक आहे, धनी नव्हे. गायकाने बंदिशीशी जसे इमान राखावे तसे त्याने मजकुराशी राखावे. याच माणसाने आयुष्याची अनेक वर्षे हैडा नावाच्या एका आदिवासी जमातीच्या मौखिक काव्याचे भाषांतर करण्यात घालविली. ही दोन कामे परस्परांपासून भिन्न नाहीत.

हैडा लोकांची भूमी म्हणजे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोरील, अलास्काच्या दक्षिणेस असलेला द्वीपसमूह. 1787 साली जॉर्ज डिक्सन नावाच्या इंग्रज कप्तानाने आपल्या जहाजाचे, म्हणजेच पर्यायाने इंग्लंडच्या राणीचे नाव या बेटांना दिले. 'हैडा ग्वाई', म्हणजे हैडांची बेटे, हे नाव सरकारदप्तरी रूढ व्हावयास 2010 साल उजाडावे लागले. मासेमारीवर जगणारा, देवदाराच्या प्रचंड खोडातून नावा कोरणारा, घरांसमोर शिल्पांनी भरलेले उंच स्तंभ उभारणारा हा समाज. कुळ आईकडून चालते. 'पॉटलॅच' नावाच्या मेजवानीत यजमानाने साचवलेली संपत्ती पाहुण्यांना वाटून टाकावयाची आणि त्या वाटण्यातून प्रतिष्ठा मिळवावयाची, अशी त्यांची रीत. संचय हाच ज्यांचा धर्म, त्या राज्यकर्त्यांना ही रीत मानवली नाही. 1884 साली कॅनडाच्या संसदेने पॉटलॅचवर कायद्याने बंदी घातली, आणि ती 1951 सालापर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिली.

परंतु कायद्याच्या आधीच देवी आल्या होत्या. 1862 साली सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजाबरोबर व्हिक्टोरिया बंदरात देवीची साथ शिरली. तेथे व्यापारासाठी तळ देऊन राहिलेल्या उत्तरेकडील आदिवासींना अधिकाऱ्यांनी हुसकावून लावले, आणि त्यांच्या नावांबरोबर रोग किनाऱ्यावरच्या गावागावांत पोहोचला. हजारोंनी असलेला हैडा समाज शतकाअखेरीस काही शेकड्यांवर आला. ओस पडलेल्या गावांतून उरलेली माणसे मुख्यतः स्किडगेट आणि मॅसेट या दोन वस्त्यांत येऊन राहिली. तेथे मिशन होते. बाप्तिस्मा देऊन माणसांना नवी नावे दिली जात होती.

1900 सालच्या शरदात जॉन स्वॉन्टन हा सत्तावीस वर्षांचा मानववंशशास्त्रज्ञ स्किडगेटला उतरला. फ्रान्झ बोआस या ख्यातनाम पंडिताने त्याला तेथे पाठविले होते. स्वॉन्टनचे पुढील वर्ष मुख्यत्वे लिहून घेण्यात गेले. काम चाले ते असे: कथनकार आपल्या भाषेत एक वाक्य बोले; हेन्री मूडी हा द्वैभाषिक हैडा तरुण तेच वाक्य सावकाश, स्पष्ट उच्चारात पुन्हा म्हणे; आणि स्वॉन्टन ते ध्वनिलिपीत उतरवून घेई. या श्रमाचा मोबदला कथनकारांना आणि मूडीला दिला जाई, हेही नमूद केले पाहिजे. त्या काळच्या कित्येक संशोधकांनी टोपणनावापलीकडे ज्यांची दखल घेतली नाही, अशा माणसांची नावे स्वॉन्टनने कथांसोबत छापली. मात्र ती नावे बाप्तिस्म्याची होती: जॉन स्काय, वॉल्टर मॅकग्रेगर.

जॉन स्काय म्हणजे क्कूना गावचा स्काय. त्याचा जन्म 1827 च्या सुमाराचा; म्हणजे देवी आल्या तेव्हा तो पस्तिशीचा होता, आणि स्वॉन्टनपुढे बसला तेव्हा सत्तरी ओलांडलेला, शरीराने अपंग झालेला वृद्ध होता. त्याने सांगितलेल्या रचना दीर्घ आहेत, महाकाव्याच्या तोलाच्या आहेत. वॉल्टर मॅकग्रेगर म्हणजे घांडल, सागरसिंहांच्या गावचा. तो अंध होता, आणि देवीच्या साथीत त्याचे बालपण गेले होते. एका अपंगाच्या आणि एका अंधाच्या स्मरणात एका संस्कृतीचे ग्रंथालय शिल्लक होते. गावात सांगावयाच्या कथा एका परक्या तरुणासमोर सांगताना त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच करावी. मात्र आपली भाषा कागदावर उतरत आहे हे त्यांच्या डोळ्यांसमोर आणि कानांसमोर घडत होते. आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्यांनी हातचे राखून सांगितले नाही.

1905 साली वॉशिंग्टनहून स्किडगेटच्या कथांचा ग्रंथ निघाला. त्यातील मोजक्या कथा मूळ भाषेसह छापल्या गेल्या. बहुतेकांचे केवळ इंग्रजी गद्य भाषांतर आले. मूळ हैडा हस्तलिखिते फिलाडेल्फियाच्या एका विद्वत्संस्थेच्या ग्रंथालयात जाऊन पडली. सरकारी अहवालाच्या ठोकळेबाज पानांवर सलग गद्याचे परिच्छेद छापलेले पाहून कोणास वाटावे की हे काव्य आहे? वाचणारे वाचत ते नातेसंबंधांची, समजुतींची, चालीरीतींची माहिती मिळविण्यासाठी. ज्याला साहित्य म्हणावयाचे ते 'सामग्री' म्हणून कपाटात गेले, आणि ज्याला कवी म्हणावयाचे तो 'माहिती देणारा इसम' ठरला. अन्याय करावयास खोटे बोलावे लागतेच असे नाही. चुकीच्या पद्धतीने छापले तरी पुरते.

येथे मुद्राक्षरकाराचे काम सुरू होते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी 1981 सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या मौखिक कथनाला स्वतःचा बांधा असतो. त्यात वृत्त नसेल, यमक नसेल. पण वाक्यारंभी येणारे ठरावीक शब्द, ठरावीक संख्येने होणारी आवर्तने, यांनी ओळी आणि कडवी सिद्ध होतात. आपल्या आजीच्या गोष्टीतला 'आणि मग' आठवावा. तो निरर्थक पालुपदाचा शब्द नसतो. तेथे श्वास असतो, वळण असते, ऐकणाऱ्या मुलाचा 'हं' असतो. सलग परिच्छेदात तो कंटाळवाणा दिसतो आणि संपादक लाल शाईने त्यावर काट मारतो. स्वतंत्र ओळीच्या आरंभी ठेवला की तोच शब्द कथेचा कणा असल्याचे ध्यानात येते.

ब्रिंगहर्स्टने स्वॉन्टनच्या नोंदींवरून हैडा भाषा शिकून या कथनांचे काव्यरूपात भाषांतर केले. हैडा कथनकारांवरील त्याचा मुख्य ग्रंथ 1999 साली आला. पाठोपाठ 2000 साली घांडलच्या आणि 2001 साली स्कायच्या रचनांचे खंड आले. या ग्रंथांची महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांत कवी म्हणून स्काय आणि घांडल यांची हैडा नावे येतात, गावाकुळासह येतात. 'हैडा जमातीत अशी समजूत आहे' असे म्हणावयाचे नाही. 'स्कायने असे रचले, घांडलने त्याहून निराळे रचले' असे म्हणावयाचे. चित्रकारांमध्ये जशी शैली असते तशी या दोघांत आहे, एकाला दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही, हे तो दाखवून देतो. एवढे मान्य केले की 'आदिम मनाची सामूहिक निर्मिती' ही कल्पना मोडकळीस येते.

हे मराठी वाचकाला समजावयास कठीण जाऊ नये. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी उतरवून ठेवल्या आणि 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आल्या. त्या कागदांवर नाव नसते तर आज त्याच ओव्या 'खानदेशी लोकगीते' या मथळ्याखाली वाचल्या गेल्या असत्या. जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावी हिंडून जमविला गेला, त्याची संख्या लाखाच्या वर आहे; आणि त्याचे खरे मोल केवळ संख्येत नाही. ओवी कोणत्या बाईने, कोणत्या गावी गायिली, याची तेथे नोंद आहे.

परंतु एवढ्यावर थांबून ब्रिंगहर्स्टचा जयजयकार केला तर ते एकांगी होईल. त्याची पुस्तके निघाल्यावर हैडा समाजातूनच कठोर आक्षेप घेतले गेले. हैडा रीतीप्रमाणे कथा, गाणी आणि चिन्हे ही विशिष्ट कुळांची मालमत्ता असते. कोणी सांगावी आणि कोठे सांगावी याचे नियम असतात. मग आमची परवानगी घेतली का, हयात असलेल्या भाषकांकडे येऊन विचारले का, असे प्रश्न आले. मुख्यतः जुन्या हस्तलिखितांवर विसंबून केलेल्या भाषांतरात भाषेच्या चुका आहेत, असे काही भाषाशास्त्रज्ञांनीही म्हटले. उलट बाजूने असे सांगितले गेले की, स्काय आणि घांडल यांनी या कथा लिहून घेऊ दिल्या त्या वाचल्या जाव्यात म्हणूनच; आणि श्रेष्ठ वाङ्मय हे अखेर साऱ्या मानवजातीचे असते.

हा दुसरा युक्तिवाद ऐकावयास उदात्त आहे, पण तो कोणाच्या तोंडी आहे हे पाहिले पाहिजे. ज्यांची जमीन, जंगल, मासळी आणि मुले हिरावून घेतली गेली, त्यांना 'तुमच्या कथा साऱ्या जगाच्या' असे सांगणे फार सोपे आहे. आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत कोंडण्यात आले, तेथे मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. कॅनडाच्या सत्यशोधन आयोगाने 2015 साली या व्यवस्थेला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. त्या शाळांचा परिणाम असा की, आज जन्मापासून हैडा बोलत आलेली माणसे दोन डझनांच्या घरात किंवा त्याहूनही कमी उरली आहेत. भाषांतरकाराला 2013 साली 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. तो अपात्री होता असे नाही. परंतु ज्या राष्ट्राने भाषा मारली त्याच राष्ट्राने तिच्या भाषांतराचा गौरव करावा, यातील विसंगती दडवून चालणार नाही.

या बाबतीत बिल रीड या हैडा शिल्पकाराचे उदाहरण बोलके आहे. ब्रिंगहर्स्टला हैडा कथांच्या जगाकडे ओढणारा हा स्नेही. 1984 साली दोघांनी मिळून कथांचे एक पुस्तकही काढले. वॉशिंग्टनमधील कॅनडाच्या वकिलातीसाठी रीड हैडा नावेचे भव्य शिल्प घडवीत होता. 1985 साली बेटांवरील प्राचीन जंगलाची तोड थांबविण्यासाठी हैडा वृद्धांनी रस्ता अडविला आणि अटक पत्करली. 1987 साली रीडने शिल्पाचे काम बंद ठेवले. जो देश आमचे जंगल तोडतो त्याच्या दरबाराची शोभा आमच्या कलेने का वाढवावी, हा त्याचा सवाल होता. त्याच वर्षी बेटांच्या दक्षिण भागातील तोड थांबविण्याचा करार झाला, आणि मग शिल्प पुरे झाले. कला आणि जमीन ही दोन खाती नाहीत, हे त्या शिल्पकाराला कोणी शिकवावे लागले नाही.

म्हणून ब्रिंगहर्स्टच्या कार्याचे मोजमाप दोन अंगांनी केले पाहिजे. नाव परत देणे, रचनेला तिचा श्वास आणि तिची ओळ परत देणे, हे त्याने केले, आणि ते लहान काम नव्हे. भाषा परत देणे हे मात्र कोणाही एका भाषांतरकाराच्या हातचे नाही. ते त्या समाजाचेच काम आहे आणि तो ते करीत आहे. स्किडगेटमध्ये 1998 पासून वृद्ध भाषक एकत्र बसून शब्द, उच्चार, पाठ ध्वनिमुद्रित करीत आले. 2018 साली संपूर्ण हैडा भाषेतील पहिला चित्रपट निघाला. त्यातील नटांना आपल्याच पूर्वजांची भाषा शिबिरात बसून शिकावी लागली. जग हे सुरीच्या पात्यासारखे धारदार आहे, अशा आशयाचे हैडा वचन त्या चित्रपटाच्या नावात आहे, आणि तेच ब्रिंगहर्स्टच्या 1999 च्या ग्रंथाच्या नावातही आहे. 2024 साली ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने त्या बेटांवरील हैडांचा भूमिहक्क कराराने मान्य केला.

आपल्याकडील पाड्यांवर आणि वस्त्यांवर आजही ध्वनिमुद्रक घेऊन जाणारे तरुण कार्यकर्ते आहेत. त्यांनी हे उदाहरण दोन्ही अंगांनी ध्यानात ठेवावे. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव तिच्या स्वतःच्या उच्चारात आधी लिहून घ्यावे. ती जेथे थांबते तेथे ओळ थांबवावी. छापण्यापूर्वी तिला आणि तिच्या माणसांना विचारावे, आणि त्यांनी नकार दिला तर तो मानावा. पुस्तक निघाल्यावर त्याची पहिली प्रत शहरातल्या समीक्षकाकडे न पाठविता तिच्या घरी नेऊन वाचून दाखवावी. आणि तिच्या पाड्याची जमीन किंवा जंगल धोक्यात आले तर, गाणे घेऊन गेलेल्या माणसाने त्या दिवशीही तेथे हजर असावे.