घोड्याचें अंगमर्दन



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना प्रथम हसूं येईल. माणसाला स्वतःचें अंग रगडून घ्यावयास फुरसत नाहीं, तेथें घोड्याच्या मालिशीची चर्चा कशाला, असें आपण म्हणाल. परंतु घोडा आपल्या जीवनांतून वाटतो तितका दूर गेलेला नाहीं. माथेरानला मोटारींना मज्जाव असल्यामुळें तेथें मुलें हट्टानें घोड्यावर बसतात. मुंबईस महालक्ष्मीचें शर्यतीचें मैदान १८८३ पासून आहे. आमच्या भिवंडींतले टांगे गेले, यंत्रमाग आले, गोदामें आलीं. तरी लग्नसराईंत नवरदेवाला घोडी लागतेच. म्हणून हा विषय घोडा पाळणाराइतकाच तो भाड्यानें घेणाराचाही आहे.

घोड्याची निगा हें आपल्याकडे जुनें शास्त्र आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण असून त्यांत घोड्यांना दिवसांतून दोनदां स्नान घालावें असें सांगितलें आहे. त्यांच्या सेवकवर्गांत केंस कापणारे व विषवैद्यही मोजले आहेत. कल्याण-भिवंडी १६५७ सालीं स्वराज्यांत आणणाऱ्या शिवाजीमहाराजांचें चिपळूणच्या छावणीस लिहिलेलें एक पत्र प्रसिद्धच आहे. दाणा-वैरण बेतानें वापरली नाहीं तर पावसाळ्यांत घोडीं मरूं लागतील व तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल, असा त्याचा आशय. आधीं चारा, पाणी व विसांवा, मग बाकीचे उपचार, हा क्रम त्यावरून ध्यानांत ठेवावा.

आतां मालिश म्हणजे काय तें पाहूं. मोतद्दार रोज करतो तो खरारा. त्यानें धूळ, घाम व कोंडा निघून कातडी स्वच्छ राहते. मालिशीचा संबंध कातडीखालच्या स्नायूंशीं आहे. माणसाच्या गळ्याखालीं जीं दोन आडवीं हाडें असतात, तीं घोड्याला नसतात. त्यामुळें त्याचें धड पुढच्या दोन पायांमध्यें स्नायूंच्या जणुं झोळींत तोललेलें असतें, आणि शरीराचा सुमारें ६० टक्के भार त्याच पायांवर येतो. त्यांत पाठीवर शृंगारलेला नवरदेव, पुढ्यांत एखादें पोर, कानाशीं ताशे व फटाके, आणि पायांखालीं सिमेंटचा रस्ता! असें जनावर तीन तास अंग आंखडून चालतें. त्याची मान, खांदा, पाठ व पुठ्ठे ताठरतात. तेथें जाणत्या हाताचा उपयोग होतो.

मालिश करणारानें घोड्याच्या बाजूस उभें राहावें, पाठीमागें कधींही नाहीं. प्रथम उघड्या तळव्यानें केंसांच्या ओघानें हलका हात फिरवावा. घोडा निवांत झाला म्हणजे मग तळव्याच्या टांचेनें, कणीक तिंबावी तसे, मानेचे, खांद्याचे व पुठ्ठ्याचे स्नायू दाबावे. पाठीच्या कण्यावर दाब देऊं नये. कण्याच्या दोहों बाजूंस द्यावा. गुडघ्याखालीं घोड्याच्या पायांत मांसल स्नायू नसून कंडरा असतात. तेथें जोर करणें व्यर्थ व कधीं अपायकारकही असतें. सारें काम अर्ध्या तासापासून तासाभरांत उरकतें.

घोड्याला हें मानवलें कीं नाहीं तें तोच सांगतो. मान खालीं येते, खालचा ओंठ सैल पडतो, तो जांभई देतो. उलट कान मागें पाडले, शेपूट फटकारलें, तर हात थांबवावा. घोडे एकमेकांची मान दांतांनीं खाजवितात हें आपण पाहिलें असेल. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर केलेला एक अभ्यास १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. आयाळ संपते तेथें, मानेच्या मुळाशीं खाजविलें असतां घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असें त्यांत आढळलें. निरोगी घोड्याचे ठोके विश्रांतींत मिनिटाला २८ ते ४४ असतात. मालकानें ते मोजावयास शिकावें.

तेव्हां मालकानें अपेक्षा कोणती धरावी? ताठरपणा कमी होईल, जनावर शांत होईल, आणि रोज अंगावर हात फिरल्यानें नवी सूज, ऊन लागणारी जागा किंवा तंगाची जखम लवकर सांपडेल. माझ्या मतें हा तिसरा लाभ सर्वांत मोठा. परंतु मालिशीनें लंगडेपण जात नाहीं, चुकीचें खोगीर नीट बसत नाहीं, आणि शर्यतींत वेग वाढतो असा पक्का पुरावाही नाहीं. ताप, ताजी सूज, उघडी जखम किंवा नायटा असतां मालिश करूंच नये. नायटा तर एकाच खराऱ्यानें साऱ्या तबेल्यांत पसरतो. भरपूर चंदी खाऊन एक-दोन दिवस उभा राहिलेला घोडा कामाला जुंपतांच घामाघूम झाला, पुठ्ठे दगडासारखे झाले, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर त्याला चालवूं नये, चोळूं नये. पशुवैद्यास ताबडतोब बोलवावें. रविवारच्या सुटीनंतर हें दुखणें दिसे, म्हणून इंग्रज लोक त्याला सोमवार सकाळचा रोग म्हणत. आपल्या इलाख्यांत परळ येथें १८८६ पासून पशुवैद्यकाचें महाविद्यालय आहे. जाणता सल्ला मिळत नाहीं अशी सबब आपणांस उरलेली नाहीं.

घोडें पेंड खातें तें निराळ्याच ठिकाणीं. गेल्या लग्नसराईंत आमच्या आळींतील एका घोडीवाल्याची घोडी मागचा पाय टाकतांना अडखळूं लागली. त्या रात्रीं दोन वराती ठरलेल्या, विसार घेऊन खर्चलेला. त्यानें एका वृद्ध मालिशवाल्यास बोलावून संध्याकाळपर्यंत घोडी चालती करण्यास सांगितलें. म्हाताऱ्यानें पुठ्ठ्यावरून हात फिरविला, मग दोन्ही मागचे खूर चांचपले आणि म्हणाला, "शेठ, हा खूर तापला आहे. दुखणें खुरांत, मी पुठ्ठा चोळून काय करूं?" नालबंदानें पाहिलें तों नालाचा एक खिळा वांकडा गेलेला. घोडीवाला बराच वेळ गप्प उभा राहिला. दोन वरातींचे पैसे म्हणजे त्याच्या घरचा महिन्याचा किराणा. अखेर त्यानें दोन्ही विसार उसनवारीनें परत केले. एक नवरदेव मोटारींतून गेला, दुसरा चालत. लग्नें कोणाचींही अडलीं नाहींत. म्हाताऱ्यानें त्या दिवशीं चोळण्याचें काम केलें नाहीं, तरी त्याची मजुरी पुरी देण्यांत आली, हें मला विशेष वाटलें.

घरच्या मंडळींनीं घोडी ठरवितांना तिच्या साजाकडे पाहण्याआधीं तिची चाल पाहावी. चौघडा थांबल्यावर तिला पाणी मिळालें कीं नाहीं, तें विचारावें. वरातीमागून घोडें येणें ही फजिती खरी; पण लंगडें घोडें वरातीपुढें चालविणें ही त्याहून मोठी नामुष्की होय.