‘उद्यापासून नक्की’ म्हणणाऱ्यांसाठी

इअरफोन लावून कुणी एसटीत बसलं असेल, कुणी रानात पाणी धरत असेल, कुणी अभ्यासिकेत पुस्तक उघडं ठेवून आपल्याला ऐकत असेल. त्या शेवटच्या माणसाला विनंती, हा भाग संपला की फोन बॅगेत. कारण आजचा विषय तुमचाच आहे, चालढकल.

आधी एक गैरसमज बाजूला करू. चालढकल करणारा माणूस आळशी असतो, असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही. आळशी माणूस निवांत झोपतो. चालढकल करणाऱ्याला झोपही लागत नाही. तो रील बघतो, पण डोक्यात अभ्यास चालू असतो. काम न करताच दमतो बिचारा!

टिमथी पिचिल आणि फुशिया सिरोइस हे दोन मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षं यावर काम करतायत. २०१३ सालच्या त्यांच्या लेखात त्यांनी मांडलं की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही, भावनेचा आहे. काम समोर आलं की आत काहीतरी टोचतं. कंटाळा, भीती, ‘आपल्याला हे जमणार नाही’ ही शंका. ते टोचणं तेवढ्यापुरतं थांबावं म्हणून आपण काम बाजूला सारतो. पाच मिनिटं बरं वाटतं. बिल दुसऱ्या दिवशी येतं, व्याजासकट.

मध्यंतरी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाचा मेसेज आला होता. ‘दादा, मैदानाचे ५० आणि लेखीचे १०० मार्क. वेळापत्रक तीनदा बनवलं. पण आपण निघू याचा कॉन्फिडन्सच येत नाही, म्हणून सुरुवात होत नाही.’

यातला ‘म्हणून’ बघा. सगळी गडबड त्या एका शब्दात आहे. आधी खात्री येईल, मग मी पळेन. पण १६०० मीटर न पळता १६०० मीटरची खात्री येणार कुठून? ती दुकानात मिळत नाही. पंधरा दिवस पळाल्यावर घड्याळ सांगतं की बाबा, वीस सेकंद कमी झाले. तेव्हा थोडीशी येते. आणि शंका? ती तरीही राहते. तिला सोबत घेऊनच पळायचं असतं.

आता आमच्या मोडनिंबची गोष्ट सांगतो. आमच्याकडं बोरं. हिवाळ्यात बाजारात बोरांच्या गोण्या लागतात, तो थाट तुम्ही पुणे-सोलापूर हायवेनं जाताना पाहिला असेल. पण बोराचं खरं काम एप्रिल-मे मध्ये असतं. ऊन मरणाचं, झाडाची पानं गळालेली, आणि त्याच वेळी छाटणी करायची. चांगल्या वाढलेल्या फांद्या कापायच्या. नवख्या माणसाचा हातच चालत नाही, झाड मेलं तर? पण बोराला फळ लागतं ते त्या हंगामाच्या नव्या फुटीवर. छाटणी लांबली की फूट लांबली, फुलोरा लांबला, बाजारही गेला.

शेतकरी त्या दिवशी ‘आज मूड आहे का’ असं स्वतःला विचारत नाही. यंदा पाऊस येईल का, भाव मिळेल का, याची शंका त्याला आपल्यापेक्षा जास्त असते. तरी कात्री घेऊन जातो. कारण छाटायचं की नाही हे रोज सकाळी ठरवायचं नसतं. ते महिन्यानं ठरवलेलं असतं. मला शिस्त म्हणजे एवढीच दिसते. एकदा ठरवलेलं पुन्हा पुन्हा चर्चेला न घेणं.

आपल्याच जिल्ह्यातले रमेश घोलप तुम्हाला माहीत असतील. बार्शी तालुक्यातलं महागाव. डाव्या पायाला पोलिओ, आई बांगड्या विकायची, आणि २०१२ मध्ये यूपीएससीत देशात २८७वा क्रमांक. रीलमध्ये एवढंच असतं. बांगड्या, मग संगीत, मग लाल दिवा. मला त्या रीलचा राग येतो, कारण आपल्या कामाचा भाग त्यांनी मधनं कापलेला असतो. डी.एड. करून २००९ मध्ये ते शिक्षक झाले होते. घराला आधार झाला होता. ती नोकरी बाजूला ठेवून ते पुण्याला अभ्यासाला गेले, आणि २०१० च्या प्रयत्नात नापास झाले. आता विचार करा, त्या निकालानंतर तीच पुस्तकं परत उघडायची. तिथं कुठलं संगीत वाजत नसतं. अधिकारी झाल्याशिवाय गावात पाऊल ठेवणार नाही, असं ते ठरवून निघाले होते. प्रत्येकानं अशी शपथ घ्यावी असं माझं म्हणणं नाही, उगाच घरच्यांना घोर. पण परत फिरायचं की नाही हा प्रश्न त्यांनी रोजच्या यादीतून काढून टाकला, हे शिकण्यासारखं.

आता हे आपण छोट्या प्रमाणात कसं करायचं? पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं जर्मनीत एक प्रयोग केला होता, १९९७ मध्ये तो छापून आला. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहायचा होता, ४८ तासांत. काहींना फक्त काम दिलं. काहींना आधीच ठरवायला लावलं, नेमका कधी आणि कुठं बसून लिहिणार. ठरवलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश जणांनी तो लिहिला. बाकीच्यांतल्या एक तृतीयांशांनीच. फरक फक्त जागा आणि वेळ पक्की करण्याचा!

म्हणून त्या मुलाला मी कळवलं, चौथं वेळापत्रक बनवू नकोस. एकच ओळ लिही. ‘पाचचा गजर झाला की बूट घालून शाळेच्या मैदानावर.’ बूट रात्रीच दाराशी. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, म्हणजे गजर बंद करायला उठावंच लागेल. पहिल्या आठवड्यात किती पळालास ते मोजू नको, मैदानावर गेलास का एवढंच मोज.

आणि खाडा पडणार. लग्न असतं, ताप येतो, कधी नुसतंच उठवत नाही. खरा घोळ खाड्याच्या दुसऱ्या दिवशी होतो. ‘गेलंच सगळं, आता सोमवारपासून.’ एका खाड्याचा आठवडा होतो तो असा. पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली. स्वतःला शिव्या घालत बसलेले परत तिथंच अडकले. तेव्हा खाडा पडला तर वहीत ‘खाडा’ लिहा, आणि पाचचा गजर तसाच राहू द्या. सोमवारची वाट बघू नका, बुधवारी पण मैदान उघडंच असतं.

तुमची ती एक ओळ मला मेसेजमध्ये पाठवा, वेळ आणि जागेसकट. पुढच्या भागात त्यातल्या काही वाचून दाखवतो. चला, फोन बॅगेत.