सभासद कोण, लाभार्थी कोण?



‘गावातील सेवाक्लब व त्यांचे सभासदत्व’ हा विषय चालकांनी आम्हांला दिला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडे हसू होते. कामगार संघटनेचा माणूस, सातवीनंतर शाळेचे तोंड न पाहिलेला. हा डॉक्टर-वकील-व्यापाऱ्यांच्या क्लबांवर यथेच्छ तोंडसुख घेईल आणि श्रोत्यांची संध्याकाळ मजेत जाईल, असा त्यांचा हिशेब असावा. तो हिशेब थोडा चुकणार आहे. बोलण्याजोगे आहेच, पण शिकण्याजोगेही पुष्कळ आहे, आणि आरंभ तेथूनच केलेला बरा.

या क्लबांतील सर्वांत जुना म्हणजे रोटरी. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेत शिकागो शहरी चार माणसे एका कचेरीत जमली. पॉल हॅरिस हे वकील, दुसरे कोळशाचे व्यापारी, तिसरे खाणींचे इंजिनिअर, चौथे शिंपी. चौथ्याचा धंदा आपण लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडेल. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, म्हणून फिरते या अर्थी रोटरी हे नाव पडले. प्रारंभी सेवेचे नावही नव्हते. परक्या शहरात चार ओळखी व्हाव्यात आणि एकमेकांचा धंदा वाढावा, एवढाच हेतू. १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला सभासद होण्याविषयी विचारले, तेव्हा त्याने नकार दिला. ज्या मंडळाचा बाहेरच्या कुणाला उपयोग नाही ते टिकायचे नाही, असे त्याचे म्हणणे. मंडळाने राग न धरता त्यालाच आत घेतले. आक्षेप घेणारा माणूस दाराबाहेर न घालवता सभासद करून घ्यावा, ही अक्कल किती संस्थांना असते?

पहिले मोठे सार्वजनिक काम कोणते, तर १९०७ साली हाती घेतलेली सार्वजनिक शौचालयांची मागणी. हॅरिस यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे की, विरोध दारूवाल्यांचा आणि मोठ्या दुकानदारांचा होता. आमच्या गुत्त्यांत पुरुषांची आणि दुकानांत बायकांची सोय आहेच, वेगळा खर्च कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. त्यावर मंडळाचे उत्तर असे की, त्या सोयीसाठी कुणाला बिअरचा पेला विकत घ्यावा लागू नये. आमच्या मते या क्लबांच्या साऱ्या इतिहासात याहून चोख उत्तर नाही. व्यापाऱ्यांच्या मंडळाने व्यापाऱ्यांच्या विरोधात उभे राहून दिलेले ते उत्तर आहे.

आता शिस्त पाहा. लागोपाठ चार बैठका चुकल्या की सभासदत्व जाणार, असा दंडक त्यांनी कैक वर्षे पाळला. गावाबाहेर असलात तर त्या गावच्या क्लबात जाऊन हजेरी भरून काढा. अलीकडे, २०१६ पासून, हे बंधन सैल झाले आहे. ते आम्हांला काही रुचले नाही. दुसरे असे की, दर वर्षी १ जुलैला अध्यक्ष बदलतो. कितीही मोठा असो, बारा महिन्यांनी घंटा व हातोडा पुढच्याच्या हाती द्यायचा आणि आपण मागच्या खुर्चीत बसायचे. आमच्या चळवळीत अध्यक्ष खुर्चीवरून उठतो तो बहुधा चौघांच्या खांद्यावरूनच. तेव्हा हसण्याचा अधिकार आम्हांला नाही.

इतके झाल्यावर आता सभासदत्वाकडे येऊ. मूळ नियम असा की, एका धंद्याचा एकच सभासद. कल्पना उत्तम, त्यामुळे क्लब म्हणजे गावाची छोटी प्रतिमा व्हावी. परंतु धंद्याचा माणूस कोणता? तर मालक, भागीदार, व्यवस्थापक किंवा प्रतिष्ठित व्यावसायिक. म्हणजे गिरणीचा धंदा मोजला, पण त्यातला साचेवाला मोजला नाही. धान्याचा व्यापार मोजला, पोते उचलणारी पाठ मोजली नाही. शिकागोचा शिंपीसुद्धा दुकानाचा मालक होता म्हणूनच त्या कचेरीत बसला. त्याच्याकडे टाका घालणारा कारागीर त्या खुर्चीवर दिसला नसता.

नियम बदलतच नाहीत असे मात्र नाही. कॅलिफोर्नियातील ड्युआर्ट गावच्या क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतले. पुढच्याच वर्षी वरिष्ठ संस्थेने त्या क्लबाची मान्यता काढून घेतली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९८७ साली निकाल क्लबाच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये जगभरचा नियम बदलला. २०२२ साली त्याच संस्थेच्या जागतिक अध्यक्षपदी प्रथमच एक बाई आल्या. दार उघडले ते आतल्याच माणसांनी हट्ट धरला म्हणून.

आपल्याकडे कामगाराला अडवणारा नियम आता लेखी शोधून सापडायचा नाही. अडवते ते ताट आणि घड्याळ. एका गावची गोष्ट सांगतो. गावाचे व क्लबाचे नाव सांगत नाही. मार्केट यार्डात क्लबाने पाणपोई बांधली. खर्च सढळ हाताने केला, थंड पाण्याचे यंत्र बसवले, दात्यांची नावे संगमरवरावर कोरली. पण पाणपोई उभी राहिली पुढच्या फाटकाशी, जेथे पाहुण्यांच्या मोटारी येतात; आणि हमाल उन्हात राबतात ते मागल्या गाळ्यांकडे. तीन महिन्यांत यंत्र बिघडले. आमच्या हमालांनी डोईमागे वर्गणी काढून मागल्या बाजूला चार रांजण ठेवले, भरण्याच्या पाळ्या लावल्या. ते रांजण आजही भरतात.

क्लबाचे त्या सालचे अध्यक्ष डॉक्टर होते, भला माणूस. त्यांनी रांजण पाहिले आणि आमच्या मुकादमाला बैठकीस बोलावले. मुकादम गेले, जेवले, नीट बोलले. परत येऊन आम्हांला म्हणाले, “मंडळी चांगली आहेत. पण तिथल्या एका जेवणात आपल्या घरचा दोन दिवसांचा बाजार होतो, आणि दुपारी एक वाजता गाडी खाली करायची कुणी?” डॉक्टरांनी त्यांना सभासद होण्याचा आग्रह केला होता. आग्रह खरा होता. ताटाचा आणि घड्याळाचा विचार मात्र कुणी केला नव्हता.

येथे ‘सेवा’ या शब्दाविषयी बोलणे प्राप्त आहे. पोलिओचे उदाहरण घ्या. रोटरीने १९८५ पासून जगभर पोलिओविरुद्ध पैसा आणि माणसे उभी केली. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला. हे थोर काम आहे. पिवळा अंगरखा घालून रविवारी बूथवर बसणाऱ्या व्यापाऱ्याला आम्ही मनापासून नमस्कार करतो. पण सोमवारी राहिलेल्या पोरांसाठी दारोदार कोण हिंडले? अंगणवाडीच्या बाया, आणि २००५ नंतर आशाताई. त्यांनाही सरकार सेविका आणि स्वयंसेविकाच म्हणते. पगार नव्हे, मानधन देते. व्यापाऱ्याच्या अंगावर ‘सेवा’ हा शब्द अलंकार आहे. आशाताईच्या बाबतीत तोच शब्द मजुरी न देण्याची सबब होतो. अंगणवाडीच्या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते २०२२ साली. २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केला, तेव्हा त्यांच्या मंडपात एखादा क्लब आपला फलक घेऊन बसला असता, तर शिकागोच्या त्या शौचालयाची आठवण झाली असती.

सेवेचा आणि संघटनेचा धागा आमच्याच मुलखात एका माणसाने जोडला होता. नारायण मल्हार जोशी हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रीच्या शाळा चालवल्या, वाचनालये चालवली. आणि १९२० साली आयटक स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत तेच होते. कालपर्यंत ज्यांना पुस्तके वाचायला दिली, त्यांच्या संघटनेत ते त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. रात्रीची शाळाही बंद केली नाही.

आमच्या गावच्या क्लबापुढे आम्ही तीन गोष्टी लेखी ठेवल्या आहेत. महिन्यातून एक बैठक मार्केट यार्डात, सायंकाळी सातला, नुसत्या चहावर व्हावी. वर्गणी मिळकतीच्या मानाने घ्यावी, आणि ती प्रत्येकाकडून घ्यावी. फुकटचे सभासदत्व आमच्या माणसांना नको आहे. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्यातले निदान दोघे त्या कामाच्या समितीत मतासह असावेत. नव्या अध्यक्षांनी १ जुलैनंतर विचार करू असे कळवले आहे, आणि आमच्या अकरा जणांनी अर्ज भरून ठेवले आहेत. त्यांत दोघी आशाताई आहेत. क्लबाचे काही सभासद समोर बसलेले दिसतात. अध्यक्षांची परवानगी असेल, तर प्रश्न प्रथम त्यांनीच विचारावेत.